राणीच्या बागेतले ऋण

दिवाळीची सुट्टी निम्मी सरते, फराळाच्या डब्यांचे तळ दिसू लागतात, आणि घरोघर एक प्रश्न डोके वर काढतो : मुलांना आता कुठे न्यायचे? महाबळेश्वराचा विचार खिशाकडे पाहताच मावळतो. नातेवाइकांकडे जाऊन झालेले असते. मग कोणीतरी म्हणते, "चला, राणीच्या बागेत जाऊ!" आणि प्रश्न सुटतो. भायखळ्यापर्यंतचे लोकलचे तिकीट आणि दिवसभर पायपीट करण्याची तयारी, एवढ्या भांडवलावर मुंबईच्या कितीतरी पिढ्यांनी हा आनंद मिळवला आहे.

आनंद जुना आहे आणि स्वस्तही. १८६२ साली ही बाग लोकांसाठी खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. अनेक वर्षे मोठ्या माणसाला ५ रुपये आणि मुलाला २ रुपये पडत. २०१७ साली आईबाप आणि दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये झाले, तेव्हा पुष्कळ कुरकुर झाली. ती खोटी नव्हती. चाळीतल्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला वाघ पाहायला मिळावा की नाही, हे पाच-पन्नास रुपयांवर ठरू नये, असे मलाही वाटते. पण या स्वस्ताईविषयी मला वेगळीच शंका येते. एखादी गोष्ट स्वस्त असते, तेव्हा तिची किंमत खरोखरच थोडी असते, की ती भलत्याच कोणी चुकती केलेली असते?

ही शंका माझ्या डोक्यात घातली ती सात वर्षांच्या नातवाने. वाघासमोर आम्ही उभे होतो. पलीकडे वाघ सावलीत आडवा; अलीकडे आम्ही शे-दीडशे माणसे, त्याने उठावे म्हणून हाका मारणारी. नातवाने माझा सदरा ओढला आणि विचारले, "आजोबा, ह्याने काय केलं होतं?"

शिक्षा झाली आहे त्या अर्थी गुन्हा असला पाहिजे, हे त्याचे सरळ तर्कशास्त्र. मी म्हणालो, "अरे, इथे त्याला वेळेवर खायला मिळतं, औषधपाणी मिळतं." बोलता बोलताच मला माझ्या उत्तराची लाज वाटू लागली. पोटाची सोय झाली की मोकळेपणाची गरज उरत नाही, हे जगातल्या प्रत्येक धन्याने आपल्या गुलामाविषयी म्हटलेले आहे. पुढे पेंग्विन पाहिले. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यांवरची ही जात. २०१६ साली ते मुंबईत आले. त्यांच्यासाठी रात्रंदिवस यंत्राने थंडावा राखावा लागतो. बाहेर आम्ही घामाने निथळत होतो आणि ते आत गारव्यात पोहत होते. वरवर पाहता कैदी आम्हीच! पण आम्ही दार उघडून लोकल पकडू शकत होतो.

मग बाग बंदच करावी काय? असे म्हणणारी माणसे मला भेटतात. ती बहुधा ताडोबाला जीपगाडीतून वाघ पाहून आलेली असतात. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे नाही. पण ज्याला ताडोबा कधीच परवडणार नाही, त्या मुलाचा वाटा ती परस्पर वाटून टाकतात. जे कधी पाहिलेच नाही, त्याच्याविषयी माया कशी वाटणार? आणि माया नसेल तर उद्या रान राखण्याची चाड तरी कोणाला राहील? म्हणून मुलाचा आनंद खरा आहे, गरजेचाही आहे. आणि तरीही वाघाची तक्रार खरीच आहे. एका खरेपणाने दुसरा खोडला जात नाही.

अशा पेचासाठी आपल्याकडे एक चांगला शब्द आहे : ऋण. आपले शास्त्र सांगते की माणूस जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणको असतो. ऋण असणे हे पाप नव्हे. ते नाकारणे हे पाप. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांना चिडवणे, खायला घालणे, गोंगाट करून त्रास देणे आणि तिथे कचरा टाकणे हे गुन्हे ठरवले आहेत. पण हे झाले नुसते व्याज. मुद्दल फेडायचे तर पाहण्याची रीत बदलायला हवी. तासाभरात सगळे पिंजरे 'उरकण्या'ऐवजी एकाच प्राण्यासमोर पंधरा मिनिटे गप्प उभे राहावे. तो झोपला असेल तर झोपू द्यावे. त्याने आपली करमणूक करावी असा करार त्याने कधी केलेला नाही.

आणि उरलेला वेळ झाडांना द्यावा. मुळात ही झाडांचीच बाग. प्राणी मागाहून आले. आफ्रिकेतली गोरखचिंच आणि दक्षिण अमेरिकेतला कैलासपती इथे उभे आहेत. कैलासपतीची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात, आणि आपल्या लोकांनी त्या फुलात नागफणीखालची पिंड पाहिली. पेंग्विनाच्याच खंडातला हा पाहुणा; पण त्याला ना काच लागली ना यंत्र. परक्या मातीत त्याने मुळे धरली आणि तो इथला झाला. त्याच्याकडे पाहताना मनाला कसलीच टोचणी लागत नाही. तरी गर्दी त्याला ओलांडून पुढे जाते.

परतताना त्याच वाटेवर पुन्हा वाघ लागला. मी नातवाला म्हणालो, "मघाशी मी चुकीचं सांगितलं. त्याने काहीच केलेलं नाही. आपल्याला तो पाहायचा होता, म्हणून तो इथे आहे." त्याने थोडा वेळ विचार केला. शेजारी एक मुलगा वाघाला उठवण्यासाठी टाळ्या वाजवत होता. आमचा नातू त्याच्याजवळ गेला आणि हलकेच म्हणाला, "हळू. तो झोपलाय."