बंद झालेले दार

सन १८१२ साली अदोनिराम जडसन व त्यांची पत्नी ॲन ही अमेरिकेहून कलकत्त्यास आली. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांस तेथे राहू दिले नाही. म्हणून १८१३ साली ती ब्रह्मदेशात रंगूनास गेली. भाषा नवी, लोक नवे. तेथेच त्यांचे तान्हे बाळ वारले. पहिल्या ब्रह्मी मनुष्याचा बाप्तिस्मा १८१९ साली झाला. पौलासही बिथुनियाचे दार बंद झाले, तेव्हाच मासेदोनियाचे उघडले.

आमच्या गावी बदलून आलेल्या उपदेशकाची बायकामुलेही आपले माणूस व वस्ती सोडून येतात. आम्ही त्यांच्या दारी प्रथम तक्रार न्यावी की पायलीभर ज्वारी? प्रभू वाट बदलतो, परंतु सेवा थांबवीत नाही. आणि त्या वाटेवरचा पहिला विसावा आमचेच घर असावे.