कडवटपणाला मिळालेले काम

'सामना'तला मास्तर पडद्यावर येतो तो मोडलेला माणूस म्हणूनच: स्वातंत्र्यचळवळीत घडलेला, स्वातंत्र्याने पुरता निराश केलेला, दारूत बुडालेला. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे पाटील त्याला ठेवून घेतो, पाजतो, त्याच्याशी गप्पा छाटतो. मग मारुती कांबळे हे नाव मास्तरच्या कानी पडते आणि त्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न तो सोडत नाही. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, समोरासमोर श्रीराम लागू आणि निळू फुले. 1975च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेल्या या चित्रपटाचा एवढा तपशील मराठी प्रेक्षकाला सांगावा लागत नाही.

पटकथेच्या कार्यशाळांतून हल्ली अशा वळणाचा एकच अर्थ शिकवला जातो: निर्णायक प्रसंगात पात्राचे मन विरघळते, कडवटपणा गळतो, माणूस पुन्हा माणसांत येतो. मास्तरच्या बाबतीत हे साफ चूक आहे. विरघळायचीच तर सगळी सोय हिंदूरावाने केलेली होती. छप्पर होते, बाटली होती, मान होता. शिवाय हिंदूराव काही पुठ्ठ्याचा खलनायक नाही, त्याची मैत्री बऱ्याच अंशी खरी आहे. आपुलकीने कडवटपणा जातो, हे गृहीतक बरोबर असते तर मास्तर त्या वाड्यात कृतज्ञतेने म्हातारा झाला असता. नाव ऐकल्यावर तो काही प्रेमळ होत नाही. उलट, यजमानाच्या मिठाला न जागण्याइतका कठोर होतो. जगावरचा विश्वास उडालेला माणूसच पाहुणचाराला बधत नाही. निवळलेल्या माणसाने तो प्रश्न एकदा विचारला असता आणि पेला उचलला असता.

मास्तरच्या या वळणाचे सारे श्रेय लागूंच्या अभिनयाला देणारे मत खोटे नाही, पण त्याने काही उलगडत नाही. सहकारी सत्तेचे रूपक एवढाच अर्थ काढणे परीक्षेपुरते ठीक.

म्हणून कडवटपणा जाणे आणि कडवटपणाला काम मिळणे, यांत फरक करावा लागतो. पहिले मराठी पडद्यावर उदंड घडते, बहुधा पार्श्वसंगीताच्या जोरावर. दुसरे क्वचित घडते, कारण त्याला प्रश्न लागतो आणि प्रश्नाला उत्तर देणारा कोणीतरी लागतो.

मंगेश जोशी यांच्या 'लेथ जोशी'त (2018 मध्ये प्रदर्शित) तो उत्तरदाताच नाही. चित्तरंजन गिरींनी उभा केलेला लेथवरचा कुशल कारागीर वर्कशॉप बंद पडल्यावर घरी बसतो. पत्नीचा खाद्यपदार्थांचा व्यवसाय वाढतो, मुलगा संगणकात रमतो. भोसरीतल्या शेडमध्ये हँडलची जागा संगणकचलित सीएनसी यंत्राने घेताना पाहिलेल्या प्रेक्षकाला हे अनोळखी नाही. इथे हिंदूराव कोणीच नसल्यामुळे जोशीला मास्तरसारखा प्रसंग मिळत नाही. हा चित्रपटाचा दोष मानणारे कार्यशाळेतला तोच साचा घेऊन बसलेले असतात.

पडद्याबाहेर, चाकणच्या कारखान्यांत, गोष्ट आणखी अवघड होते. कंत्राटी कामगाराने विचारले की कंपनी कंत्राटदाराकडे बोट दाखवते आणि कंत्राटदार कंपनीकडे. त्याच्यावर पटकथा लिहू पाहणाऱ्याने डोळे पाणावणारा प्रसंग नंतर शोधावा. तो माणूस कोणाच्या दारात उभा राहून विचारणार आहे, ते आधी ठरवावे.