खिळ्यावरच्या तेवीस पिशव्या

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कापडी पिशव्या अडकवायचा एक खिळा आहे. यंदा दसऱ्याच्या साफसफाईत तो भिंतीच्या पोपड्यासकट हातात आला आणि पिशव्या जमिनीवर पसरल्या, म्हणून मोजल्या. तेवीस निघाल्या. साड्यांच्या दुकानातल्या चार, लग्नामुंजीतल्या सहा, पतपेढीच्या वार्षिक सभेची एक, एकीवर हिरव्या शाईत ‘प्लॅस्टिक टाळा’. यातली एकच मंडईत जाते. तिचा एक बंद उसवलाय आणि तळाला हळदीचा डाग आहे. उरलेल्या बावीस निव्वळ पर्यावरणप्रेमापोटी लटकलेल्या.

महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली ती मार्च २०१८मध्ये. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने पिशव्यांचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला होता. कपाशीला लागणारं पाणी, खतं, सूत, विणाई, सगळं त्यात धरलेलं. नुसता हवामानबदल पाहिला, तर सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी, तेव्हा कुठे ती तिथल्या दुकानातल्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. पाण्यापासून ओझोनपर्यंतचे सगळे निकष लावले, तर ७१०० वेळा. आणि सेंद्रिय कापसाची असेल तर २०,०००, कारण त्या कापसाचं उत्पन्न कमी धरलं आहे.

या हिशेबात तुंबलेला नाला नाही, गाईच्या पोटातून निघणारा प्लॅस्टिकचा गोळा नाही. आपल्याकडची बंदी त्यासाठी होती आणि ती मला मान्य आहे. तरी ५२ हा आकडा काही डोक्यातून जाईना. आठवड्यातून दोनदा मंडई, म्हणजे एका पिशवीला सहा महिने. तेवीस पिशव्यांना साडेअकरा वर्षं, आणि तीही तोवर चोविसावी घरात आली नाही तर. पिशवी पर्यावरणस्नेही आहे की नाही हे तिच्या कापडावर कमी आणि फेऱ्यांवर जास्त ठरतं. फेऱ्या काही विकत मिळत नाहीत. मिळतात त्या पिशव्या.

माझा स्वतःचा पराक्रम याहून मोठा आहे. चार वर्षांपूर्वी मी ठरवलं की, स्वयंपाकघरातून प्लॅस्टिक हद्दपार. डाळी-कडधान्यांचे चांगले धडधाकट डबे भंगारवाल्याच्या काट्यावर गेले आणि बारा काचेच्या बरण्या आल्या. बरण्या मांडणीत मावेनात, तेव्हा शिसवी रंगाची नवी मांडणी आली. मांडणीपुढे जुना ओटा कळकट दिसायला लागला. ओट्याच्या फरशीचे दर विचारायला मी दुकानापर्यंत जाऊन आलो. तिथून परत फिरलो त्याचं श्रेय तत्त्वनिष्ठेला नाही, दराला आहे.

ही वाट जुनीच आहे. फ्रेंच विचारवंत दिदरो याने १७६९च्या सुमारास आपल्या जुन्या झग्यासाठी हळहळून एक निबंध लिहिला. जुन्या झग्याच्या सोग्याने तो पुस्तकांवरची धूळ पुसायचा, टाकातली शाई उतरेना झाली की टोक त्यालाच पुसायचा. मग भारीतला किरमिजी झगा आला आणि त्याच्या शेजारी गवती बैठकीची खुर्ची शोभेना, फळकुटाची मांडणी शोभेना. एकेक करत खोली बदलली. वस्तू एकटी येत नाही, गोतावळा घेऊन येते, हे त्याला झग्याने शिकवलं. मला बरण्यांनी. फरक इतकाच की, त्याच्या झग्यावर ‘निसर्गाशी मैत्री’ अशी चिठ्ठी नव्हती. खरेदीची हौस आणि तिचं प्रायश्चित्त एकाच पावतीवर मिळायची सोय आपल्या काळाची.

अशा वेळी आजीचा दाखला द्यायची पद्धत आहे. आमच्या आजीचं सुती लुगडं विरलं की त्याची दुपटी व्हायची, मग गोधडीचे थर, मग हातपुसणं, शेवटी चुलीवरची भांडी उतरवायचं फडकं. जरीकाठाचं असेल तर बोहारणीशी तासभर घासाघीस आणि एक पातेलं. ऐकायला छान वाटतं. पण त्या गोधडीचे टाके घालताना तिची दुपारची झोप जायची, आणि हे सगळं ती पृथ्वीसाठी करत नव्हती. दुसरं लुगडं घ्यायला पैसे नव्हते. काटकसरीचा हा सगळा भार बायकांच्या बोटांवर होता. आज ‘पुन्हा तसं जगू या’ म्हणणाऱ्या पुरुषाने (मीही त्यात आलो) आधी सुईत दोरा ओवून दाखवावा.

आपल्यापाशी आजीची नड नाही, म्हणून ‘नको’ म्हणणं जड जातं. घेतलं नाही तर दाखवायला काही उरत नाही. बरण्या निदान पाहुण्यांना दिसतात. मिक्सरचा कपलर गेला तेव्हा दुकानदाराने नवा मिक्सर पुढे केला, वीज कमी खातो म्हणून. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने चहा निवेपर्यंत कपलर बदलून दिला. दुरुस्त झालेला मिक्सर आजवर कुणी वाखाणलेला नाही. साडेतीन मुहूर्तांत दुरुस्तीचा एकही नाही. आणि हा लेख तरी कुठे छापला जातोय? ज्या अंकाचा खर्च दिवाळीच्या खरेदीच्या जाहिराती उचलतात, त्यातच.

गेल्या महिन्यात याच विषयावर बोलायला एका मंडळाने बोलावलं होतं. पिशव्यांचा हिशेब सांगितला, लोक हसले, टाळ्याही पडल्या. शेवटी शाल, श्रीफळ आणि नवी कोरी कापडी पिशवी. म्हटलं, “पिशवी राहू द्या, नारळ हातातच नेतो.”

“असं कसं, सर?” कार्यवाह म्हणाले. “खास आजच्यासाठी पाचशे छापून घेतल्यात.”

खिळा आता सिमेंट भरून पक्का बसवला आहे.