वर्णनाचा आनंद आणि त्याचे ऋण

सारसोळे हे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे गावाभोवती नेरुळचे नवे नगर उभे राहिले. तरी पाम बीच मार्गापलीकडील जेट्टीवरून होड्या आजही भरती-ओहोटी पाहूनच सुटतात. पत्रकारितेचा एखादा विद्यार्थी पहाटे अशा होडीत बसला, जाळे ओढून त्याचे हात सोलले आणि रात्री तो तिवरांचा गंध, चिखलातील निवट्या व नाखव्याचा रापलेला चेहरा शब्दांत उतरवू लागला, तर त्या वेळी त्याला होणारा आनंद आम्ही पाप मानीत नाही. आपली निर्मिती न्याहाळून ती चांगली आहे असे प्रथम परमेश्वरानेच म्हटले, अशी उत्पत्तीच्या ग्रंथाची साक्ष आहे.

परंतु जाळे रिकामे आले तर? रिकाम्या जाळ्याचे वर्णन भरलेल्या जाळ्यापेक्षा अधिक परिणामकारक होते, हे लिहिणारा जाणतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात नेत्रांच्या वासनेविषयी लिहिताना छिन्नविच्छिन्न प्रेत पाहण्यास धावणाऱ्या लोकांचा दाखला दिला आहे. अंगावर शहारे येतात, तरी पाऊल तिकडेच वळते. वार्ताहराची लेखणी या मोहातून सुटली आहे काय?

डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी हमाल, विणकर, तंबाखू कामगार यांच्यात वावरून साध्या भाषेत लिहिले. गर्दच्या व्यसनात सापडलेल्यांविषयी लिहून ते थांबले नाहीत. १९८६ मध्ये पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह त्यांनी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. प्रत्येक लेखकाने संस्था काढावी असे आमचे म्हणणे नाही. मात्र ज्याच्या दुःखाने आपला लेख सजला, त्याचे आपण ऋणी आहोत, एवढी जाणीव तरी असावी.

भल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक आणि लेवी यांनीही जखमी वाटसरू पाहिला होता. पाहिल्यावर जवळ गेला तो शोमरोनी. विद्यार्थी जवळ गेला, ही त्याची पुण्याई. पण जवळ जाऊन आणलेले सारेच छापण्यासाठी नसते. घरातील कर्ज, मुलाचे व्यसन, विश्वासाने सांगितलेली गोष्ट यांबाबत मौन पाळावे लागते. म्हणून आम्ही त्याला एकच सुचवू. लेख संपादकाकडे धाडण्यापूर्वी सारसोळ्यास परत जावे व तो नाखव्यास वाचून दाखवावा. ऐकताना त्याची मान खाली गेली, तर ते वाक्य कितीही सुंदर असो, खोडावे. अनादि शब्दाने मानवी देह धारण केला तो मानवाचा सन्मान वाढविण्यासाठी. माणसाला शब्दरूप देणाऱ्यानेही त्याचा सन्मान उणा करू नये.