डोहात उतरण्याआधी

आज कुठे जायचं नाही. पिशवी भरायची नाही, गाडी सांगायची नाही. निवांत बसा आणि मनातल्या मनात एका वाटेला लागा. दक्षिण गोव्यात, सांगे तालुक्यात, नेत्रावळीच्या रानात सावरीचा धबधबा आहे. त्याच्या पायथ्याशी डोह आहे. दिवाळीनंतर एखाद्या सकाळी चार माणसांनी वाटाड्याबरोबर तिथे पोहायला जायचं, एवढाच बेत आहे. त्या बेतालाच आज सगळा वेळ देऊ. वाचताना मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा. घाई कुणालाच नाही.

डोळ्यांपुढे आधी डोहच येतो. हिरवट पाणी, वरून कोसळणारी पांढरी धार, तोंडावर उडणारे तुषार. येऊ द्या ते चित्र. थोडा वेळ तिथेच रेंगाळा. मग हळूहळू नजर वर न्या, धार जिथून सुटते त्या कड्याच्या काठापर्यंत. त्याच्याही मागे काय आहे? खाली उभ्या असलेल्या माणसाला ते कधीच दिसत नाही. आणि आपल्या सहलीचं जे काही ठरायचं आहे, ते बहुतेक सगळं तिथेच ठरतं.

कड्यामागे ओढा आहे. ओढ्याला येऊन मिळणारे लहान ओहोळ आहेत. त्यांच्याही वर घाट, थेट कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत. हा सगळा मुलूख नेत्रावळी अभयारण्यात येतो. 1999 मध्ये जाहीर झालेलं, 211 चौरस किलोमीटरचं रान. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घाटाच्या पायथ्याला किनाऱ्यापेक्षा जास्तच. त्यातल्या एका थेंबाबरोबर चला. आधी तो उंच झाडाच्या पानावर थबकतो. तिथून खोडावर येतो, खोडाच्या सालीतून ओघळत पाचोळ्यात शिरतो, पाचोळ्याखालच्या काळ्या मातीत, मुळांच्या जाळ्यात, मग खडकाच्या फटीत. तिथे तो आठवडे, महिने काढतो. पाऊस उघडून महिना-दीड महिना झाला तरी डोहात पोहण्याजोगं पाणी पडत राहतं, ते या मुक्कामामुळे. वरचं रान तुटलं तर खालचा धबधबा चार महिन्यांचा पाहुणा होईल. आपण पोहायला जातो ते त्या झाडांच्या जिवावर.

पण भर पावसाळ्यात हीच जमीन तुडुंब भिजलेली असते. नव्या पावसाला मुरायला जागा उरत नाही. मग वर एक जोराची सर आली की सगळं पाणी थेट ओढ्यात येतं आणि ओढा थोड्याच वेळात फुगतो. खाली डोहावर तेव्हा लख्ख ऊनही असू शकतं.

30 जून 2024 चा रविवार आठवा. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एक कुटुंब वर्षासहलीला आलं होतं. पाण्याचा जोर वाढला, मधल्या खडकावर ती माणसं एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली, आणि काठावरचे लोक बघत असताना प्रवाहानं त्यांना ओढून नेलं. पाच जण गेले. त्यांत लहान मुलं होती. ते दृश्य महाराष्ट्रात घराघरांत पाहिलं गेलं. त्यांना बोल लावायला आपण कोण? आपल्यातले कितीतरी जण तसेच उभे राहिलेले आहेत, आणि केवळ वर पाऊस झाला नाही म्हणून घरी परतलेले आहेत. इथे थोडं थांबू या.

नेत्रावळीतच मैनापी नावाचा दुसरा धबधबा आहे. 2023 च्या जुलैत तिथे दोघे बुडाले, आणि त्यानंतर वनखात्यानं अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. पावसाळ्यात नद्या, धबधबे, खाणींचे खड्डे यांत पोहू नये असे जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई हुकूमही निघतात. आपण शहरातून सुट्टी काढून निघालेले असतो, त्यामुळे असा हुकूम वाचला की मन खट्टू होतं. ते खट्टू होणं ओळखा. त्याला दाबू नका, त्याच्याशी वादही घालू नका. फक्त त्या भावनेला सहलीची तारीख ठरवू देऊ नका.

तारीख महिन्यानं ठरवू. जून ते सप्टेंबर हा पाहण्याचा काळ आहे, तोही लांबून. ऑक्टोबरात पाणी निवळू लागतं, पण परतीचा पाऊस अजून घाटावर असतो. सकाळ स्वच्छ उजाडते, दुपारपर्यंत ऊन तापतं, कड्यांवर ढग चढतात आणि तीन-चारच्या सुमाराला गडगडाट सुरू होतो. म्हणून नोव्हेंबर बरा, आणि कुठल्याही महिन्यात सकाळच बरी. मडगावहून केपे, रिवण करत नेत्रावळीला पोचायचं तर अंधारातच उठावं लागेल. दुपारी बाराला पाण्याबाहेर, हे आताच ठरवून टाकू. तिथे गेल्यावर ठरवलं तर पाणी आपल्याला ठरवू देणार नाही, इतकं ते सुंदर असतं.

आता वाटाड्याकडे या. या भागात वेळीप समाजाची जुनी वस्ती आहे. त्यांची शेती, देव आणि लाकूडफाटा याच रानाशी बांधलेले आहेत. वाटाडा अशाच एखाद्या घरातला असेल. कड्यामागचं जे आपल्याला दिसत नाही, ते त्याच्या पायाखालचं आहे. त्याला आपण काय विचारतो, ते नीट ऐका. ‘दादा, जाता येईल ना?’ या प्रश्नात आपण होकार आधीच घालून ठेवलेला असतो. समोरचा माणूस भिडेखातर म्हणतो, येईल की. त्यापेक्षा विचारा, ‘दादा, या आठवड्यात वर पाऊस कसा आहे? तुम्ही शेवटचे कधी गेला होता? तेव्हा पाणी कुठवर होतं?’ मग गप्प बसा आणि तो बोलेल तितका वेळ ऐका.

आणि पैशांची गोष्ट आधीच करा. अर्ध्या वाटेतून परतलो तरी तुमची मजुरी पूर्ण, हे निघण्याआधी त्याला स्पष्ट सांगा. सगळ्या तयारीत मला हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. पर्यटनाच्या चार-पाच महिन्यांवर ज्याचं घर चालतं, त्याला ‘नको’ म्हणणं परवडायला हवं. डोहाच्या काठावर उभं राहून तो पाण्याकडे बघेल आणि म्हणेल, ‘आयज उदक बरें ना.’ तेवढं पुरे. कारण विचारत बसू नका. त्याच्या त्या तीन-चार शब्दांत त्याच्या बापजाद्यांनी पाहिलेली सगळी पाणी असतात.

वाट मनात चालून बघा. सुरुवातीला झाडं मोकळी, मग दाटत जातात. वेली खोडाखोडांना वेढून वर उजेडाकडे गेलेल्या. हवा दमट, शर्ट पाठीला चिकटलेला. बोलणं आपोआप कमी होतं. वाटेत एखाद्या झाडाखाली दगडावर फुलं वाहिलेली दिसतील. तो राखणदार. गोव्यात रानाला, पाण्याला, गावाच्या वेशीला राखणदार असतो, आणि वाटाडा तिथे क्षणभर थबकेल. तुमची श्रद्धा काहीही असो, तुम्हीही थबका. कुणाच्या तरी राखणीतल्या जागेत आपण शिरतो आहोत, हे पायांना कळलं तर पाय जपून पडतात.

जळवांची भीती बऱ्याच जणांना वाटते. जळू रक्त पिते, रक्त गोठू न देणारा स्राव सोडते, म्हणून ती सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहते. नखानं तिचं तोंड हलकेच सोडवा, जागा धुवा, झालं. त्यापेक्षा गोचिडीची काळजी जास्त करा. उत्तर गोव्यात सत्तरीत आणि आपल्या सिंधुदुर्गात माकडतापाच्या साथी येऊन गेल्या आहेत. तो गोचिडीतून पसरतो, आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे असा असतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, विजारीचे पाय मोज्यात खोचलेले, परतल्यावर अंघोळ आणि अंग नीट तपासणं. इतकंच.

ओढ्याकाठी दगडावर हात टेकवण्याआधी मात्र तो दगड बघा. मलबारी चापडा नावाचा विषारी साप अशाच ओल्या दगडांवर, खाली वाकलेल्या फांद्यांवर तासन्‌तास न हलता बसून असतो. कधी हिरवट, कधी तपकिरी, कधी शेवाळाच्या रंगाचा, डोकं त्रिकोणी. तो आपल्या वाटेला जात नाही. आपला हात त्याच्या अंगावर पडू नये, एवढंच बघायचं. हा नियम मला आवडतो, कारण त्यानं माणूस हळू होतो, आणि हळू झालेल्या माणसाला बाकीचंही दिसू लागतं.

धबधब्याशेजारची ओली भिंत, उदाहरणार्थ. धारेपासून जरा बाजूला, जिथे खडकावरून पाण्याचा पातळ पापुद्रा ओघळत असतो, तिथे पावसाळ्याच्या दिवसांत उभ्या दगडाला चिकटलेले नखाएवढे जीव असतात. इंडिराना नावाच्या बेडकांचे ते बेडूकमासे. हे डोहात पोहत नाहीत. ओल्या दगडावरचं शेवाळ खरडून खातात, आणि हात जवळ नेला तर शेपटी आपटून उडी मारतात. पश्चिम घाटाबाहेर हे बेडूक जगात कुठेच नाहीत. त्यांची सगळी दुनिया म्हणजे दगडावरचा तो ओला पापुद्रा. तिथे आपण साबण लावला, शांपूची पुडी फोडली, चिवड्याचं तेलकट पाकीट धुतलं, तर काय होईल याचा विचार करा. अंगाला लावलेलं क्रीमसुद्धा पाण्यात उतरतं. उन्हासाठी बाह्यांचा सदरा घालूनच पोहा.

आता डोह. लगेच उतरू नका. काठावर बसून पाण्याचा आवाज ऐका. सलग, एकसुरी असेल तर तो लक्षात ठेवा. पोहत असताना आवाज जड झाला, पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या आणि पाचोळा वाहत आला, तर वर काहीतरी घडलं आहे. त्या क्षणी बाहेर या. कपडे, मोबाइल, चपला गेल्या तर गेल्या. आणि बाहेर येऊन उंचावर जा, ओढ्याच्या पात्रातून खाली धावू नका.

आपल्यातले पुष्कळ जण विहिरीत पोहायला शिकले, पाठीला डबा बांधून. आताची मुलं तलावात शिकतात. दोन्ही ठिकाणी पाणी उभं असतं. धारेखालचं पाणी तसं नसतं. तिथे हवेचे बुडबुडे इतके मिसळलेले असतात की ते अंगाला नेहमीसारखं उचलून धरत नाही, आणि कोसळणारी धार माणसाला खाली दाबते. म्हणून फेसाच्या बाहेर, काठालगतच्या शांत पाण्यात पोहा. वरून उडी तर मारूच नका. पाण्यात प्रकाश वाकतो आणि खोली फसवी दिसते. तळ दिसतो त्याहून खोल असतो, पण पाण्याखालचा ओंडका मुळीच दिसत नाही. दर पावसाळ्यात धोंडे सरकतात, झाडं वाहून येतात. गेल्या वर्षी सुरक्षित असलेली जागा यंदा तशी असेलच असं नाही.

चौघांपैकी एकाला पोहता येत नसेल. त्याचं नाव मनाशी घ्या. त्याला ‘अरे ये रे, काही होत नाही’ असं म्हणायचं नाही, हे बाकीच्यांनी घरीच ठरवावं. त्यानं गुडघाभर पाण्यात बसावं, काठावर कायम एक जण दोरी घेऊन जागा असावा, आणि पाळीपाळीनं पोहावं. दारू नको, थेंबभरही नको. रानात मोबाइलला रेंज मिळेलच याचा भरवसा नाही, तेव्हा कुठे जातो आणि किती वाजता परततो हे घरी कुणाला तरी सांगून ठेवा. काही झालंच तर गावापर्यंत चालत यावं लागेल, मग 108 ला फोन.

एवढं सगळं मनात ठेवून पुन्हा त्या डोहात उतरा. पाणी गार आहे. पहिल्या बुडीला श्वास अडकतो, मग सुटतो. पाठीवर तरंगत वर बघा. झाडांच्या गोलात आभाळाचा एक तुकडा दिसतो, धारेचा आवाज ऐकू येत राहतो, आणि अंगाला लागणारं पाणी कित्येक आठवड्यांपूर्वी पडलेल्या पावसाचं आहे. राहा तिथे. हवा तेवढा वेळ राहा, बारा वाजेपर्यंत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वाटाड्याला पुन्हा फोन करा आणि वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश सुरू आहे का ते विचारून घ्या. तो नको म्हणाला तर जाऊ नका. नेत्रावळीपर्यंत गेल्यावर बंदी कळली तर गावातच गोपीनाथाच्या देवळाजवळ बुडबुड्यांची तळी आहे, ती पाहून परत या, आणि वाटाड्याचे ठरलेले पैसे त्याला द्या.