हात एकाच ठिकाणी



चाळीस वर्षे मी कीर्तनात पुंडलिकाची कथा सांगितली. देव दारात आला, पण आईबापांचे पाय चेपणारा हात थांबला नाही. देवालाच विटेवर थांबावे लागले. निरूपण तिथे आले की माझा ठरलेला दृष्टांत असे : "आताचे पुंडलिक विमानात, आणि विटेवर उभी राहिली ती आई!" मंडप हसायचा. एकदा त्या मंडपात माझी धाकटी बहीण होती. तिचा एकुलता मुलगा लंडनला असतो. ती हसली नाही, हे मला दिसले. तरी पुढच्या गावी मी तोच दृष्टांत दिला.

गेल्या वर्षी भाच्याने बोलावले. बहिणीच्या गुडघ्यांना प्रवास झेपेना. "दादा, तू तरी बघून ये, कसा राहतो ते," ती म्हणाली. आषाढी तिकडेच झाली. तिथे आषाढात रात्रीचे नऊ वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही. हरिपाठ उजेडातच होई.

एके दिवशी भाच्याने थेम्स नदीकाठच्या बागेत नेले आणि एका पुतळ्यासमोर उभे केले. "मामा, ओळखा पाहू." तो जेम्स औट्रम होता. आपल्या कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना लागतो तो औट्रम घाट, त्याच्याच नावाचा. 1825 पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा हा इंग्रज अधिकारी. 1871 साली त्याचा पुतळा तिथे बसला. नदीच्या पलीकडच्या काठावर महात्मा बसवेश्वरांचा पुतळा आहे, 2015 च्या नोव्हेंबरात उभारलेला. हाताने केलेले प्रामाणिक काम हीच पूजा, हे शिकवणारे ते महापुरुष.

भाचा रुग्णालयात परिचारक आहे, म्हाताऱ्या माणसांच्या विभागात. बहुतेक रात्रपाळी. त्या दिवशी बाकावर बसून त्याने विचारले, "मामा, आईचे पाय मी इथून कसे चेपू? तिथल्या एखाद्या आजीचे पाय पुसताना मनात आईला आठवतो. हे पुंडलिकाच्या हिशेबात धरतात का?"

माऊली, हजारोंपुढे बोललेला मी, मला उत्तर सुचेना.

होय म्हणणे सोपे होते. देव सर्वांभूती आहे, तेव्हा त्या आजीची सेवा देवाला पावते, यात मला शंका नाही. पण देव सर्वांभूती आहे म्हणून कन्नडमध्ये माझ्या बहिणीचे गुडघे दुखायचे थांबत नाहीत. एकाची सेवा केली म्हणून दुसऱ्याचे ऋण फिटत नाही. औट्रमचे नाव घाटातही राहिले आणि नदीकाठीही. नाव दोन ठिकाणी राहू शकते. हात मात्र एका वेळी एकाच ठिकाणी असतो.

मग बहिणीजवळ कोणाचे हात होते? माझे. तिचे घर माझ्यापासून चार गल्ल्यांवर. भाऊबीज आणि राखी सोडून मी कितीदा गेलो होतो? साडेचार हजार मैलांवरच्या मुलाला बोल लावणाऱ्या मला चार गल्ल्या ओलांडता आल्या नव्हत्या. पुंडलिकाची कथा मी सदैव दुसऱ्याच्या मुलाला सांगितली.

भाच्याला एवढेच म्हणालो, "तुझी तिथली सेवा खरी. आईचे ऋणही खरे. ते फिटले असे मनाला सांगू नकोस. दरवर्षी येत जा. तोवर तिच्याजवळ मी आहे."

परत आल्यापासून संध्याकाळी बहिणीकडे जातो. तेल कोमट करून देतो, तिथेच हरिपाठ म्हणतो. पहिल्या दिवशी तिने विचारले, "काही काम होते का, दादा?" तो प्रश्न मला फार लागला. हे पुण्य म्हणून सांगत नाही. ही थकलेली उधारी आहे.

तुमच्याही आळीत अशी एखादी माय असेल, जिचे लेकरू पुण्याला किंवा परदेशी गेले आहे. त्या लेकराचा न्याय करण्याआधी तिच्या दाराची कडी एकदा वाजवून पाहा.

रामकृष्णहरी.