सौरप्रकल्प आणि गावाचा निस्तार

हिवाळ्याच्या मध्यरात्री, साप-विंचवांचे भय मनात बाळगून, हरभऱ्याला वा गव्हाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्याने बांधावर उभे राहू नये, त्याला वीज दिवसाच मिळावी, ही विदर्भातील कास्तकारांची जुनी मागणी आहे; आणि २०१७ साली सुरू झालेली व २०२३ साली अधिक व्यापक रूपात पुन्हा मांडली गेलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ती पुरी करू पाहते, म्हणून आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावाने तिचे स्वागतच करावे. वर्ध्याच्या मगनवाडीत राहून ग्रामोद्योगांचा विचार करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी साठ्यातून उपसलेली संपत्ती आणि अखंड प्रवाहातून लाभणारी संपत्ती ह्यांत जो भेद केला, त्या कसोटीला सूर्याची ऊर्जा निःसंशय उतरते. परंतु तो प्रवाह अडविण्यासाठी लागणारी भूमी मात्र साठ्यातलीच असते, आणि एका मेगावॅटमागे ती सुमारे चार-पाच एकर खर्ची पडते.

ही भूमी कोणाची, ह्या प्रश्नाला सातबारा जे उत्तर देतो ते अपुरे आहे. ह्या योजनेत खासगी जमिनीच्या मालकाला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. त्याचा करार होतो आणि तो न्याय्यही असतो. त्याच जमिनीवर निंदण-वेचणी करणाऱ्या मजूर स्त्रीशी मात्र कोणीच करार करीत नाही. कर्नाटकातील पावगड येथे भाडेपट्ट्याने उभारलेल्या विस्तीर्ण सौरप्रकल्पात जमीनमालकांना नियमित उत्पन्न लाभले, पण भूमिहीनांची शेतमजुरी गेली, हे आपल्यासमोर आहे. दस्तऐवजात ज्यांचे नाव नाही त्यांची हानीही दस्तऐवजात येत नाही.

सरकारी जमिनीच्या बाबतीत ही अडचण अधिक गहन होते. ज्या ई-क्लास जमिनीला कागदावर पडीक समजले जाते, तिच्यावर गुरे चरतात. आणि आर्वी, आष्टी, कारंजा हा तर गवळाऊ गोवंशाचा मूळ मुलूख. मालगुजारीच्या अमदानीत चराई, सरपण, पाणवठा व वहिवाटीचे मार्ग ह्यांवरील गावकऱ्यांचे हक्क, म्हणजेच गावाचा निस्तार, वाजिब-उल-अर्जात नोंदले जात, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज ही दोन्ही कायम ठेवली. मालगुजार गेले, हक्क राहिले. ते तारेच्या कुंपणाआड नकळत लुप्त व्हावेत हे मला मान्य नाही.

उभारणीचा काळ हाच प्रकल्प व गाव ह्यांच्यातील संबंधांच्या परीक्षेचा काळ होय. पावसाळ्यात फुगणाऱ्या व उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत खांब रोवणे, केबलसाठी चर खणणे, अवजड ट्रक पांदण रस्त्याने नेणे, ही कामे ज्याला केवळ मुदतीत उरकावयाची आहेत, तो पेरणीच्या ऐन दिवसांत पांदणीचा चिखल करून शेजाऱ्याची बैलगाडी अडवितो, आणि एखादा नाला बुजवून खालच्या शेतात पाणी तुंबवितो. मृगापूर्वी अवजड वाहतूक संपविणे, नाले मोकळे ठेवणे, रात्रीचे यंत्रकाम थांबविणे, ह्यांत काही असाध्य नाही. त्यासाठी ठेकेदाराच्या वेळापत्रकाशेजारी गावाचा पीकहंगाम मांडावा लागतो, एवढेच.

सौर विद्युत्प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरीच्या प्रक्रियेतून सूट असल्यामुळे त्या प्रक्रियेतील जनसुनावणीचे बंधनही त्यांच्यावर नाही. कायदा येथे मौन बाळगतो म्हणून ग्रामसभेची जबाबदारी वाढते. योजनेतून ग्रामपंचायतीला तीन वर्षांत मिळणारे पंधरा लाखांचे अनुदान उपयुक्त आहे, तथापि ते ऐकून घेतले जाण्याच्या हक्काचे मोल नव्हे. दाद वेळेवर न लागल्यास काय घडते, हे वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याकरिता जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्राशन करणाऱ्या विखरणच्या धर्मा पाटील ह्या वृद्ध शेतकऱ्याच्या मृत्यूने महाराष्ट्राला दाखविले आहे. म्हणून तक्रारीची नोंदवही कंपनीच्या शहरातील कार्यालयात न ठेवता ग्रामपंचायतीच्या चावडीवर ठेवावी, आणि उत्तराची मुदत ठरवून द्यावी.

रोहण्याच्या व आसपासच्या गावांच्या ग्रामसभांना माझी विनंती आहे की, आपल्या शिवारात असा प्रकल्प येणार असेल तर पहिला खांब रोवला जाण्यापूर्वी तहसील कचेरीतून आपल्या गावच्या निस्तारपत्रकाची व वाजिब-उल-अर्जाची नक्कल मागवावी, ती सभेत मोठ्याने वाचून घ्यावी, आणि तीत नोंदलेली प्रत्येक वाट व प्रत्येक पाणवठा प्रकल्पाच्या नकाशावर दाखविल्याशिवाय ठराव मंजूर करू नये.